नियम १७ (अ)

लहानपणी आमच्या गल्लीत क्रिकेटचे नियम कुणी लिहिले नव्हते. बॅट ज्याची, बॅटिंग त्याची आधी. एक टप्पा झेल आउट. बॉल भिंतीपलीकडे गेला की आउट, आणि तो आणायलाही त्यानेच जायचं. कुणाचा धाकटा भाऊ रडत आला की तो कच्चा लिंबू. बस. एवढ्यावर सगळ्या उन्हाळी सुट्ट्या निघाल्या.

त्यामुळे आमच्या पुण्यातल्या हौशी गेम बनवणाऱ्यांच्या कंपूने ४८ तासांत गेम बनवायची स्पर्धा ठरवली आणि 'यंदा तुझा गेम नाहीच, तर तू नियम लिही' असं मला सांगितलं, तेव्हा मी हसत हो म्हणालो. चहा संपायच्या आत तीन ओळी लिहिल्या. शनिवारी सकाळी १० ते सोमवारी सकाळी १०. सगळं स्वतः बनवायचं. मत सगळ्यांनी द्यायचं.

पहिला फोन न्यू जर्सीहून आला. आमचाच एक जुना मेंबर. १० म्हणजे कुणाचे १०? मी 'भारतीय वेळेनुसार' हे शब्द घातले. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. स्पर्धेच्याच रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यांच्याकडची घड्याळं एक तास मागे जातात. "माझी सुरुवात शुक्रवार उलटून रात्री साडेबाराला, शेवट रविवारी रात्री साडेअकराला. हे ४७ तास होतात. माझा एक तास कुणी खाल्ला?" कुणीच खाल्ला नव्हता, तास ४८च होते, पण हे त्याला पटवण्यात माझा मात्र एक तास गेला. नियम १ ला पोटकलम जोडलं.

मग 'सगळं स्वतः' वर गाडी अडकली. लुडम डेअर ही २००२ मध्ये सुरू झालेली, गेम बनवण्याचीच स्पर्धा. तिने यावर सरळ दोन चुली मांडल्या होत्या: एकट्याने, ४८ तासांत, सगळं नव्याने करायचं ते कॉम्पो, आणि टोळीने, ७२ तासांत, जरा सैल हाताने करायचं ते जॅम. आम्ही मात्र एकाच चुलीवर दोन्ही शिजवायला निघालो होतो. गोडो किंवा युनिटी इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, वापरलं तर ते स्वतःचं कसं, असं एका कडव्या सभासदाने विचारलं. मी म्हटलं, घरची पुरणपोळी म्हणजे हरभरा पेरण्यापासून सुरुवात करायची का? तो म्हणाला, "इंजिन राहू दे, पण फॉन्ट तरी स्वतःचा हवा." इंग्रजीत २६ अक्षरं काढून माणूस झोपायला जाईल. मराठीत जोडाक्षरं काढता काढता 'ष्ट्य' पर्यंत रविवारची संध्याकाळ होते. तरी मतदान झालं, आणि इंजिन चालेल पण फॉन्टला जादा गुण, असा खास पुणेरी तोडगा निघाला.

कुणी म्हणालं, एवढ्या वेळात होतं तरी काय? लगेच दुसऱ्याने ठेवणीतला दाखला काढला: माइनक्राफ्टवाल्या मार्कस पर्सनने २०११ च्या डिसेंबरात लुडम डेअरसाठी ४८ तासांत मिनीक्राफ्ट केला होता. हा दाखला देणाऱ्याचा स्वतःचा गेम २०१९ पासून 'जवळजवळ झालाय'. आकाराला मर्यादा घालू या, असंही निघालं. जेएस१३के स्पर्धेत अख्खा गेम झिप करून १३ किलोबाइटमध्ये बसवतात. आमच्या अध्यक्षांचा 'शुभ सकाळ'चा फोटो त्यात मावत नाही, म्हणून तो ठराव बारगळला.

शेवटी एकटा आणि टोळी असे गट पडलेच, तेव्हा एका जोडप्याने विचारलं की आम्ही एकट्याच्या गटात चालू का. "लग्नाला १४ वर्षं झाली, दोघांत मिळून एकच डोकं चालतं," नवरा म्हणाला. बायकोने "कुणाचं?" असं विचारल्यावर त्यांनी आपणहून टोळी गट निवडला.

खरी लढाई मतांची. सगळ्यांना मत दिलं, तर एक गृहस्थ आपल्या आत्येभावंडांचा अख्खा ग्रुप आणणार हे उघड होतं. म्हणून मत फक्त स्पर्धकांना. पण मग ज्याचा गेम दोघांनीच पाहिला आणि दोघांनी पाच तारे दिले, तो पहिला? मी इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर चालणारी पद्धत समजावली: गेमना मिळालेल्या मतसंख्यांचा मध्यक काढायचा; तुमची मतं त्याहून कमी असतील, तर मतं भागिले मध्यक याचं वर्गमूळ घेऊन सरासरीला गुणायचं. मध्यक ९, तुमची मतं ४, तर साडेचार ताऱ्यांचे होतात ३. मी फळ्यावर वर्गमुळाचं चिन्ह काढताच खोलीत दहावीच्या बोर्डाची शांतता पसरली. शेवटी खजिनदारांनी विचारलं, "चहाचे पैसेही असेच गोळा करायचे का? मी दोनच कप घेतलेत."

नवख्यांसाठी मी 'कच्चा लिंबू' गट घातला आणि या एका गोष्टीबद्दल मला अजूनही अभिमान आहे. पण त्यात पहिला अर्ज वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये मुरलेल्या माणसाचा आला, कारण गेम त्याने कधी केला नव्हता. मुरलेलं लिंबू कच्चं कसं? म्हणून नियम १७ ला (अ) आला, (अ) ला खुलासा आला. स्पर्धेच्या दिवशी एकूण नियम ४१ होते.

सोमवारी १० वाजता अकरापैकी चार गेम आले. त्यातले दोन उघडेनात. जोडप्याचा आलाच नाही, ते दोघं खुर्चीत झोपले होते. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने मात्र पावणेदहाला एक कार्डशीट आणून ठेवलं. खडूने आखलेली घरं, चार कवड्या, नाव 'आईबाबांना उठवू नका'. मागच्या बाजूला नियम: कवड्या पडतील तेवढं पुढे जा. 'आई उठली' वर आलात तर पहिल्यापासून. भांडण झालं तर पुन्हा टाका.

कडवे सभासद ४१ नियम घेऊन बसले. वेळेत होता. सगळं स्वतःचं होतं. फॉन्टसुद्धा, 'ष्ट्य' सकट. आवाज? ती कवडी पडली की तोंडाने 'टुंग' करत होती. गेम संगणकावरच चालला पाहिजे, हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

तेवढ्यात खजिनदार खेळायला बसलेसुद्धा. तीनदा 'आई उठली' वर गेले. चौथ्यांदा गेल्यावर मुलगी दयेने म्हणाली, "काका, तुम्ही कच्चा लिंबू घ्या."

ते लगेच तयार झाले. फक्त १७ (अ) प्रमाणे आपण पात्र ठरतो का, ते मला बघायला सांगितलं.