एकच कसोटी खेळला, म्हणून काय झालं?

सांगलीच्या आमच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच वाद पेटला आहे. विश्रामबागेतल्या एका क्लबाच्या खोलीत जुन्या क्रिकेटपटूंचे फोटो लावायचे आहेत. मधोमध विजय हजारे, शेजारी स्मृती मानधना, इथवर सगळ्यांचं एकमत. मग एकाने सुचवलं की हजाऱ्यांबरोबर खेळलेले किंवा आपल्या भागातून वर गेलेले, पण थोडक्या कसोट्या खेळून थांबलेले लोकही लावू. लगेच उत्तर आलं, "दोन मॅच खेळून घरी बसलेल्यांचे फोटो कशाला? उद्या पाणी नेणाऱ्या बाराव्या गड्याचाही लावा." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. हे बरोबर नाही, असं मी इथून, इंग्लंडातल्या लँकेशायरातून, लिहिलं तर ठरलेलं उत्तर: "तू तिकडं लँकेशायरात निवांत बस लेका, इथलं आम्ही बघतो."

बघा. पण आधी आपले हजारेच नीट बघा.

त्यांचा जन्म 1915 चा, सांगलीतला. जतच्या राजांनी ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेटला आणलं आणि त्याच्या तालमीत हजारे घडले. 1948 साली अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीत 116 आणि 145. हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. 1949 ची मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरची कसोटीही पाठ आहे: वेस्ट इंडिजने 361 चं आव्हान दिलं, हजाऱ्यांनी 122 केल्या, भारत 8 बाद 355 वर थांबला, सहा धावा राहिल्या. आमच्याकडे कट्ट्यावर ही गोष्ट सांगताना माणसं अजून हळहळतात. पण त्या सामन्यात वेस्ट इंडिजच्या दुसऱ्या डावात 54 धावांत 4 बळी कुणी घेतले, हे त्यांच्यातल्या एकाने तरी सांगावं. शुटे बॅनर्जी. 1936 आणि 1946 असे इंग्लंडचे दोन दौरे एकही कसोटी न खेळता केलेला माणूस. लंडनच्या ओव्हलवर सरे कौंटीविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन शतक ठोकलं, चंदू सरवट्यांबरोबर शेवटच्या जोडीला 249 धावा जोडल्या, तरी कसोटी मिळाली नाही. मिळाली ती ही एकच, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्याच्या त्या चार बळींशिवाय 361 ला चारशेच्या पलीकडे जायला कितीसा वेळ लागला असता?

1951 ची दिल्ली घ्या. हजारे कप्तान, नाबाद 164. त्याच सामन्यात सदू शिंद्यांनी लेगस्पिनवर 91 धावांत 6 इंग्रज बाद केले. दुसऱ्या डावात त्यांच्या गोलंदाजीवर झेल सुटत राहिले आणि इंग्लंड सुटलं. शिंदे सगळ्या मिळून सात कसोट्या खेळले, बळी बारा. 1955 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, गेले. महाराष्ट्रात आज त्यांची ओळख शरद पवारांचे सासरे एवढीच उरली आहे, आणि तीही पवारांमुळे. मला हे फार लागतं. ज्याने एका डावात निम्मा इंग्लंड संघ आणि वर एक बाद केला, त्याला ओळखायला जावयाचं नाव लागावं!

1953 चा वेस्ट इंडिज दौरा. पुन्हा कप्तान हजारेच. माधव आपट्यांनी त्या मालिकेत 460 धावा केल्या, पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद 163. सात कसोट्या, सरासरी 49.27, आणि त्यानंतर आयुष्यात पुन्हा बोलावणं नाही. म्हणजे हजाऱ्यांचं नेतृत्व ज्यांच्या खांद्यावर उभं होतं, त्यातले कित्येक या 'दोन मॅच'वाल्या खान्यातलेच. हजारे आमचे म्हणायचं आणि समोरच्या टोकाला उभे राहिलेले कुणाचेच नाहीत म्हणायचं, हे कसं चालेल?

आणि आपल्या भागातलेच म्हणायचे तर सदाशिव पाटील. कोल्हापूरचे म्हणून आमच्या सांगलीकरांनी नाक मुरडू नये. 1955 च्या डिसेंबरात ब्रेबॉर्नवर न्यूझीलंडविरुद्ध खेळले. विनू मंकडांच्या 223 मुळे तो सामना सगळ्यांच्या लक्षात राहिला. पाटलांनी दोन्ही डावांत एकेक बळी घेतला आणि दोन्ही वेळा तो जॉन रीडचा, म्हणजे त्या संघातल्या मोठ्या फलंदाजांपैकी एकाचा. फलंदाजीत नाबाद 14. भारत एक डाव आणि 27 धावांनी जिंकला. पदार्पणात जिंकलेला, एकदाही बाद न झालेला हा गोलंदाज पुन्हा कसोटी खेळला नाही. माझे वडील त्यांच्याबद्दल बोलत तेव्हा आवाज खाली करत, देवळात बोलावं तसा. 2020 मध्ये पाटील गेले तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन ओळीही आल्या नाहीत. मी टाकलेल्या बातमीखाली एकाने विचारलं, "हे कोण?"

हे पाटील इथे, मी राहतो त्या मुलखात, लँकेशायर लीगमध्ये 1959 आणि 1961 असे दोन मोसम खेळले. 52 सामने, 111 बळी. आमच्या क्लबात शनिवारी चहाच्या टेबलाशी म्हातारे बसतात. त्यांच्यापुढे असल्या प्रोचं, म्हणजे क्लबाने पैसे देऊन आणलेल्या खेळाडूचं, नाव काढलं तर "एकच कसोटी ना?" असं कुणी म्हणत नाही. त्या उन्हाळ्यात त्याने कुणाला त्रिफळाचीत केलं, पाऊस किती होता, बोलणं तिकडे वळतं. ऑनर्स बोर्डावर एका मोसमापुरता आलेल्या माणसाचं नाव तेवढ्याच सोनेरी अक्षरात असतं. रॅफलच्या पैशातून तो बोर्ड दर काही वर्षांनी पुन्हा रंगवतात आणि त्यावर कमिटीत चर्चासुद्धा होत नाही.

ग्लॅमॉर्गनच्या अ‍ॅलन जोन्सचं उदाहरण मी ग्रुपवर दोनदा दिलं. 1970 मध्ये इंग्लंडकडून रेस्ट ऑफ द वर्ल्ड, म्हणजे बाकीच्या देशांतल्या खेळाडूंच्या संघाविरुद्ध, एक सामना खेळला, दोन डावांत 5 आणि 0. पुढे त्या सामन्यांचा कसोटीचा दर्जाच काढून घेतला. पन्नास वर्षांनी, 2020 मध्ये, इंग्लंडच्या मंडळाने त्याला 696 क्रमांकाची, म्हणजे इंग्लंडच्या कसोटी खेळाडूंच्या यादीतली, टोपी दिली. पाच आणि शून्यासाठी! आमच्याकडे कुणी ही सूचना केली असती तर तिचं काय झालं असतं, ते या आठवड्यात मी पाहिलंच आहे.

सायमन केरिगनचं काय, असं एकजण म्हणाला. खरं आहे. इथल्याच प्रेस्टनचा पोरगा, फिरकी गोलंदाज, 2013 मध्ये इंग्लंडकडून ओव्हलवर 8 षटकांत 53 धावा गेल्या, लोकांनी वाट्टेल ते लिहिलं, पुन्हा कसोटी नाही. निष्ठुरपणा इथेही आहे. पण तो कसोटी खेळला ही गोष्ट इकडे कुणी त्याच्यापासून काढून घेत नाही. टिंगल करणाराही त्याला इंग्लंडचा माजी खेळाडूच म्हणतो.

आपलं वेगळंच काहीतरी आहे. ज्याला संधीच मिळाली नाही त्याला आपण छातीशी धरतो. भाऊसाहेब निंबाळकरांचे रणजीतले नाबाद 443 आणि तरी कसोटी नाही; पद्माकर शिवलकरांसारखा मुंबईचा फिरकी गोलंदाज, तरी कसोटी नाही. त्यांच्यावर अन्याय झाला आणि तो सांगायला आपल्याला आवडतं. पण ज्याला एक संधी मिळाली, त्याला आपण उलटतपासणीला उभं करतो. नीलेश कुलकर्णीने 1997 मध्ये कोलंबोला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. असं करणारा तो पहिला भारतीय. आमच्या ग्रुपला आठवतं ते श्रीलंकेचे 6 बाद 952. इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून गेला, 2001 मध्ये मोहालीला इंग्लंडच्या ग्रॅहम थॉर्पला बाद केलं, आणि दुसऱ्या डावात सलामीला जाऊन विजयी धाव घेतली. एकच कसोटी. तो कुणालाच आठवत नाही.

1932 पासून आजवर भारताकडून कसोटी खेळलेली पुरुष माणसं तीनशेच्या थोडी वर. एवढ्या मोठ्या देशात. त्यातल्या एकाला 'घरी बसलेला' म्हणणारा आमचा मित्र तालुक्याच्या संघातही नव्हता. मीही नव्हतो.

फ्रेमचे पैसे मी पाठवतो, असं शेवटी लिहिलं. उत्तर आलं, "पैसे टाकून मत विकत घेतोस काय? सांगलीत राहिलास किती, बोलतोस किती!"

तेव्हापासून झोप नीट नाही. मला आता कळतंय की मी पाटलांसाठी भांडतोय तेवढाच स्वतःसाठी भांडतोय. किती खेळला आणि किती राहिलास, दोन्हीकडे मापाची पट्टी एकच आहे. मी सांगलीत वाढलो, कृष्णेला पोहायला शिकलो, शिवाजी स्टेडियमवर ऊन डोक्यावर घेऊन रणजीचे सामने बघितले, आणि मग निघून आलो. इथे कौन्सिल टॅक्स भरतो, रोलर ओढतो, सेकंड इलेव्हनची स्कोअरबुकं लिहितो, तरी नवा माणूस भेटला की मूळ गाव विचारतोच. मी सांगली म्हणतो. त्या उत्तरावर माझा हक्क आहे असं मी धरून चाललो होतो. तो हक्क थोडक्या वर्षांचा असला तरी पुरा आहे, असं मला अजून वाटतं, आणि ते मी सोडणार नाही.

पैसे मी पाठवले आहेत. फोटो कुणाचे लावायचे ते कमिटी ठरवेल. पण हजाऱ्यांच्या फोटोखाली ब्रेबॉर्नचे 122 लिहिणार असाल, तर शुटे बॅनर्जी, 54 धावांत 4, हेही त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरात लिहा.