माहिती मिळते, सवय टिकवायला माणसं लागतात
एका लेखात म्हटलंय की पर्यावरणाच्या ऑनलाइन समूहांचं मुख्य काम माहिती पसरवणं. मला हे अपुरं वाटतं. कंपोस्टची, म्हणजे घरच्या ओल्या कचऱ्यापासून खत करायची, कृती कुठेही मिळते; लोक सोडून देतात ते डब्याला वास सुटला, अळ्या दिसल्या की. अशा वेळी कुणीतरी घाबरून फोटो टाकतं आणि थोड्याच वेळात उत्तरं येतात: ओलं जास्त झालंय, सुका पाला घाला, वरखाली करा, अळ्यांना घाबरू नका, त्या कचराच खातात. सवय तिथे तगते.

शिवाय आपल्यासारखेच इतर करताहेत हे दिसतं, त्याचा जोर मोठा. अमेरिकेतल्या एका हॉटेलात झालेला टॉवेलचा प्रयोग (२००८ साली प्रसिद्ध) पाहा. ‘पर्यावरण वाचवा’ या पाटीने सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, ‘बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ या पाटीने ४४ टक्क्यांनी.

खटकतं ते एवढंच, की काही समूहांत ‘इको’ वस्तूंची खरेदीच जास्त चालते. घरात चांगली बाटली असताना बांबूची नवी कशाला? त्यापेक्षा २००३ पासून चाललेल्या फ्रीसायकलसारखे, नको असलेली वस्तू फुकट देऊन टाकणारे समूह वाढावेत असं मनापासून वाटतं.