‘टाके निघेपर्यंत उठू नका’ म्हणे!

कुणाचं ऑपरेशन झालं की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. टाके निघेपर्यंत अंथरूण सोडू नका, दुखण्याच्या गोळ्या टाळा, सवय लागते; ताप आला म्हणजे टाक्यांत पू झाला; टाके निघाले की माणूस पहिल्यासारखा. मी फिजिओथेरपिस्ट, वॉर्डात पेशंटना उठवणं हेच माझं काम. त्यामुळे या मेसेजशी माझं रोजचं भांडण.

आधी अंथरुणाचं. पायांतलं रक्त वर ढकलायला पोटरीचे स्नायू लागतात. माणूस पडून राहिला की ते थंडावतात, शिरेत रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं. शिवाय उताणं पडून श्वास उथळ होतो, कफ साचतो. हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जननी १९९०च्या दशकात पेशंटला लवकर उठवायची, लवकर खायला द्यायची पद्धत बसवली. आता गुडघा बदललेल्यालाही बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. (डोळ्याचा पडदा, मणका, काही फ्रॅक्चर यांचं वेगळं, तिथे सर्जन सांगतील तेच.)

‘टाके उसवले तर?’ हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. पोटाच्या ऑपरेशननंतर उताणं असताना झटक्यात उठायचं नसतं, एवढं खरं. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, कोपरावर जोर देत बसायचं. मिनिटभर थांबायचं. घेरी आली नाही तर उभं राहायचं. खोकला आलाच तर पोटाशी उशी घट्ट धरायची.

गोळ्यांचं म्हणाल, तर पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. अफूच्या वर्गातल्या गोळ्यांबद्दलची भीती रास्त आहे, म्हणून तर त्या मोजकेच दिवस देतात. त्यांनी शौचालाही घट्ट होते, हे आधीच सांगून ठेवते. पण दातओठ खात पडलेला माणूस ना खोल श्वास घेत, ना खोकत, ना चालत. ही कसली बहादुरी?

ताप? पहिल्या दोन दिवसांतली कणकण बहुतेकदा ऑपरेशनलाच शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. जखम चिघळते ती बहुधा चार-पाच दिवसांनंतर: लाली पसरते, ठणका वाढतो, पू येतो. तेव्हा डॉक्टरांना दाखवा. एकच पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली, तर मात्र थांबूच नका.

सगळ्यात फसवी शेवटची ओळ. टाके साधारण ७ ते १४ दिवसांत निघतात, पण तीन आठवड्यांनीही त्या जागी मूळ कातडीच्या साधारण २० टक्केच ताकद असते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे टाके निघाल्या दिवशी भरलेली बादली उचलायची नाही. आणि नुसती अंघोळ करून आल्यावर गळून जाऊन तासभर झोप लागली, असं कित्येक आठवडे चाललं, तरी घाबरू नका. मोठ्या ऑपरेशननंतर तसं होतंच.