कॉटेजिंगला जायचंय? आधी देश विचारा

टोरांटोत मे महिना लागला की ऑफिसात एकच विषय, कॉटेज, म्हणजे तळ्याकाठचं सुट्टीचं घर, कधी उघडताय? व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला अर्धं शहर मस्कोकाच्या तळ्यांकडे सुटतं. बंद पडलेली पाण्याची लाइन चालू करायची, होडीचा धक्का पाण्यात बसवायचा, काळ्या माश्यांना शिव्या घालायच्या. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून ऑक्टोबरात ते रिकामे करून कुलूप लावायचं. याला इथे बिनदिक्कत ‘कॉटेजिंग’ म्हणतात.

लंडनच्या माणसाला हे ऐकून ठसका लागतो. तिथल्या बोलीत कॉटेज म्हणजे सार्वजनिक मुतारी, आणि कॉटेजिंग म्हणजे पुरुषाने तिथे पुरुष जोडीदार गाठणं.

हसून घ्या, मीही हसलो. पण दोन्हीकडे माणूस शोधतोय एकांतच. एकाकडे त्यासाठी दुसरं घर आहे, दुसऱ्याला पहिल्यातही जागा नाही.

जॉन गिलगुड हा इंग्लंडचा बडा नट. 1953 साली ‘सर’ झाला आणि त्याच वर्षी चेल्सीतल्या मुतारीत कॉटेजिंग करताना पकडला गेला. कोर्टात त्याने स्वतःला कारकून म्हणवलं, दहा पौंड दंड भरला, तरी बातमी फुटलीच. त्याच्या पाठीशी नाव होतं, प्रेक्षक होते, म्हणून तो सावरला. खऱ्या कारकुनाचं काय होत असेल?

“चार भिंतींआड करा की काय ते!” हे वाक्य आपल्याकडेही लाडकं. 1967 च्या ब्रिटिश कायद्याने समलिंगी पुरुषांना त्या भिंती दिल्या, पण मोजून. दोघांनाही 21 पूर्ण हवीत, तिसरं कुणी हजर नको, आणि मुतारी खासगी जागेत धरायची नाही, हे तर चक्क कलमातच लिहिलेलं. कॅनडाने 1969 ला वयाची आणि दोघांचीच अट तशीच ठेवली.

मुतारी सगळ्यांची, तिथे शाळकरी पोरंही जातात. त्यामुळे आजचा इंग्लंडचा कायदा स्त्री-पुरुष न बघता सहा महिन्यांपर्यंत कैद देतो, त्यावर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती साध्या कपड्यातला देखणा पोलीस शिपाई आमिष म्हणून उभा करण्याच्या जुन्या पद्धतीवर.

आणि मुंबई? 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले. निकालात खासगीपणाचा हक्क ठासून मांडलाय. पण दहा बाय बाराच्या खोलीत आई-बाबा, दादा-वहिनी आणि पुतण्या झोपलेला असताना हा हक्क अंथरायचा कुठे? लॉजवाल्याने दोन पुरुषांची आधारकार्डं बघून “रूम नाही” म्हटलं की उरतं काय, ते मला कमेंटमध्ये “चार भिंती” लिहिणाऱ्यांनीच सांगावं.