सही कुणाची?

"26 आठवडे म्हणजे सहा महिने झाले की! सुप्रीम कोर्टानं त्या बाईला गर्भपाताला नाही म्हटलं तेच बरं केलं." बापूनं पेपर बाकड्यावर आपटला. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या टपरीवर बापू बोलायला लागला की पलीकडचा पंक्चरवाला पण वळून बघतो.

"निकाल पूर्ण वाचलास का, बाप्या?" दिग्यानं विचारलं. "बाई अंगावर पाजत होती, पाळी सुरूच झाली नव्हती. तिला कळायचं कसं? वर दुसऱ्या बाळंतपणापासून डिप्रेशनची औषधं."

"आणि पोटातल्याचं काय? त्याच्या बाजूनं कोण बोलणार?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, असं मला मनापासून वाटतं. ऑक्टोबर 2023 मध्ये याच बाईच्या अर्जावर दोन महिला न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, म्हणून तर प्रकरण तिघांपुढं गेलं.

नंदाताईंनी प्रसूती वॉर्डात आयुष्य घालवलंय. त्या ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "बापू, तू 26 वर भांडतोयस. माझ्यापुढं सातव्या-आठव्या आठवड्यातल्या बायका यायच्या. त्यांनाही आम्ही परत पाठवायचो. नवऱ्याची सही आणा म्हणून."

"मग बरोबरच आहे की! मूल काय तिचं एकटीचं असतंय?"

"गर्भपाताच्या कायद्यात नवऱ्याची सही नाही. 1971 पासून नाही. 18 पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. उद्या कोण भांडायला आलं तर कागद हाताशी असावा, म्हणून आम्ही मागायचो. चूक आमची."

मला राहवलं नाही. माझी बहीण अशीच परत आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीची फाईल, नवरा ट्रक घेऊन गुजरातेत. तो परत येईपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो ते नऊ आठवडे उलटले, मग क्युरेटिंग करावं लागलं. त्या सहीसाठी ती रोज रात्री फोन लावत बसायची. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

बापू जरा थांबला. पण थांबेल तो बापू कसला! "मोकळं सोडलं की काय होतं ते म्हैसाळला बघितलंय आपण. 2017 ला. ओढ्याकाठी 19 भ्रूण निघाले होते."

"मुली नकोत म्हणून झालं ते," नंदाताई म्हणाल्या. "तिथं नवऱ्याची सही मागितली असती, तर मिळाली नसती का?"

टपरीवर कोणीच बोललं नाही.

"तुम्ही सगळे नेहमी एका बाजूला," बापू पुटपुटला. "गणपतीच्या हिशोबाच्या वेळी पण मला असंच एकटं पाडलं होतं."

"हिशोबावर सही तुझीच होती, बाप्या!"

"ते जाऊ दे," नंदाताई म्हणाल्या. "दुसऱ्या पोरानंतर ऑपरेशन वहिनीनं करून घेतलं. बिनटाक्याच्या नसबंदीच्या शिबिरात मी तुझं नाव लिहून ठेवलं होतं. आला नाहीस."

"ऊसतोड चालू होती, ताई!"

"तीन शिबिरं झाली, बापू. एक तर जूनमध्ये होतं."

दिग्याला ठसका लागला, चहा नाकातून आला. पंक्चरवाला टायर टाकून विचारायला आला, "काय झालं?" आणि बापू त्यालाच सांगायला लागला, की त्या वर्षी कारखानाच उशिरा बंद झाला होता.