वाद इंजिनाचा, अडचण मुक्कामाची

हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विद्युत मोटर दोन्हींवर चालणाऱ्या, गाड्यांवर किती कर असावा, हा वाद भारतात गेली काही वर्षे न थकता चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, उपकर गेला आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड गाडीवरचा एकूण कर ४३ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. विद्युत वाहनांचा दर मात्र पूर्वीइतकाच, म्हणजे ५ टक्के, राहिला. त्याआधी जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रिड (काही अंतर निव्वळ विजेवर धावू शकणाऱ्या) गाड्यांचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा वाहन उद्योगातच उभी फूट पडलेली दिसली. हायब्रिड विकणाऱ्या टोयोटा आणि मारुती सुझुकी एका बाजूला होत्या, तर विद्युत वाहनांत मोठी गुंतवणूक केलेल्या टाटा आणि महिंद्रा दुसऱ्या बाजूला. हायब्रिडवरचा कर कमी व्हावा, अशी भूमिका नितीन गडकरी यांनीही जाहीरपणे मांडली होती. या सगळ्या चर्चेत गाडी नेहमी धावत असते: लिटरमागे किती किलोमीटर, किलोमीटरमागे किती धूर.

कॅलिफोर्नियात राहून मी हा वाद वाचते तेव्हा मला त्यात एक मोठी पोकळी दिसते. इथे अनेक कुटुंबे हायब्रिड मिनीव्हॅन प्रवासाबरोबरच मुक्कामासाठीही वापरतात, आणि आम्हीही त्यांतलेच आहोत. गाडी उभी असताना ती काय करू शकते आणि तिला कोठे उभे राहू दिले जाते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय हायब्रिड चांगली की विद्युत गाडी चांगली, हे मला तरी ठरवता येत नाही.

आधी गाडीविषयी. अमेरिकेत टोयोटा सिएना २०२१ च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड स्वरूपातच मिळते. अडीच लिटरचे इंजिन आणि विद्युत मोटर मिळून २४५ अश्वशक्ती देतात, आणि अधिकृत चाचणीत ती गॅलनला ३६ मैल, म्हणजे लिटरला साधारण १५ किलोमीटर, धावते. दोन टनांहून जड आणि सात-आठ माणसे नेणाऱ्या गाडीसाठी हा आकडा चांगला आहे, परंतु मुक्काम करणाऱ्याला त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. साध्या पेट्रोल गाडीत वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे थंड हवा हवी असेल तर रात्रभर इंजिन चालू ठेवावे लागते. सिएनासारख्या हायब्रिडमध्ये तो कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि ती वीज पुढच्या आसनांखाली बसवलेल्या मोठ्या बॅटरीतून येते. गाडी 'रेडी' स्थितीत उभी केली की बॅटरी उतरेपर्यंत इंजिन गप्प राहते; साठा एका पातळीखाली गेला की ते स्वतःहून सुरू होते, काही मिनिटे चार्जिंग करते आणि पुन्हा बंद होते. ही बॅटरी लहान, जेमतेम १.९ किलोवॉट-तासांची आहे आणि तिचा सगळा साठा गाडी कधीच वापरू देत नाही. उबदार रात्री वातानुकूलन सरासरी ५०० वॉट खेचते आणि निम्मा साठा हाताशी आहे, असे हिशोबापुरते धरले, तर दोन तासांच्या आत इंजिनाला एकदा तरी जागे व्हावे लागते. हलकी झोप असलेल्या माणसाला ते पहिल्या काही रात्री नक्कीच जाणवते.

थंडीत हिशोब बिघडतो. गाडीतली ऊब प्रामुख्याने इंजिनाच्या तापलेल्या कूलंटमधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून) येते, त्यामुळे बॅटरी भरलेली असली तरी इंजिन वारंवार सुरू होते. म्हणून सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या उंचीवर हीटर लावून झोपण्यापेक्षा चांगल्या प्रतीची झोपण्याची पिशवी घेणे केव्हाही शहाणपणाचे ठरते. शिवाय इंजिन आहे तिथे कार्बन मोनॉक्साइड आहे. बंद गॅरेजमध्ये, बर्फाने सायलेन्सरची नळी झाकली गेलेली असताना किंवा भिंतीला मागची बाजू लावून उभ्या केलेल्या गाडीत या पद्धतीने झोपणे जिवावर बेतू शकते, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत नसेल तर ही सोय वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किल्ली न फिरवता बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या घरच्या गॅरेजमध्ये चुकून चालू राहिल्याने अमेरिकेत माणसे दगावली आहेत. त्यानंतर टोयोटाने २०१९ मध्ये जाहीर केले की २०२० च्या मॉडेलपासून ठरावीक वेळेनंतर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय दिली जाईल. गाडीत झोपणाऱ्यांना ही सोय अडचणीची वाटते आणि ती टाळण्याच्या युक्त्या सांगणारे कमी नाहीत. मी मात्र या बाबतीत कंपनीच्या बाजूने आहे.

उभ्या गाडीच्या कसोटीवर विद्युत गाडी सरळसरळ सरस ठरते, हेही मान्य करायला हवे. ७० किलोवॉट-तासांची बॅटरी असलेल्या गाडीने त्याच ५०० वॉटच्या हिशोबाने आठ तास हवा थंड ठेवली, तर ४ किलोवॉट-तास, म्हणजे ६ टक्क्यांपेक्षाही कमी साठा खर्च होतो. धूर नाही आणि मध्यरात्री घुरघुरणारे इंजिनही नाही. घोडे अडते ते अंतरापाशी. नेवाडा राज्यातून जाणाऱ्या यूएस ५० या रस्त्यावर फॅलन आणि ऑस्टिन या दोन गावांमध्ये सुमारे १७५ किलोमीटर अंतर आहे आणि मधे म्हणण्यासारखे काही नाही. त्यातच १९६० नंतर बांधलेल्या आंतरराज्य महामार्गांच्या विश्रांतीस्थळांवर व्यावसायिक विक्रीला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पैसे घेऊन चालवायचे चार्जर महामार्ग सोडून बाहेरच्या बाजारपेठांजवळच असतात. जिथे रात्र काढावी तिथे वीज मिळत नाही आणि जिथे वीज मिळते तिथे रात्र काढावीशी वाटत नाही, अशी ही विचित्र कोंडी आहे.

मधला मार्ग म्हणून क्रायस्लर पॅसिफिका या मिनीव्हॅनच्या प्लग-इन (बाहेरून वीज घेऊन चार्ज करता येणाऱ्या) हायब्रिडकडे पाहता येते. तिची १६ किलोवॉट-तासांची बॅटरी निव्वळ विजेवर सुमारे ५० किलोमीटर नेते. पण त्या बॅटरीने जमिनीखालची जागा व्यापल्यामुळे मधल्या रांगेची आसने साध्या पॅसिफिकाप्रमाणे तळात गडप होत नाहीत, ती उचलून बाहेर काढावी लागतात. सिएनात तर तीही मुभा नाही. मधल्या आसनांमध्येच एअरबॅग बसवलेल्या असल्याने ती मालकाने काढावीत अशी रचनाच नाही. तिसरी रांग तळात दुमडायची, मधली पुढे सरकवायची आणि वर फळ्यांचा मंच टाकायचा, ही सर्वांची सवयीची तडजोड आहे. काही मॉडेलांत मिळणारा १५०० वॉटचा विजेचा प्लग मात्र फार उपयोगी पडतो, कारण पाणी तापवायला गॅसची शेगडी पेटवावी लागत नाही.

इतके सगळे जमले तरी गाडी उभी कोठे करायची, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते परदेशातल्या अनुभवातून मायदेशी नेण्यासारखी गोष्ट कुठली असेल तर ती याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. कॅलिफोर्नियातल्या महामार्गाच्या विश्रांतीस्थळावर २४ तासांत ८ तासांपर्यंत थांबता येते. टेक्सासात ही मर्यादा २४ तासांची आहे. तंबू ठोकता येत नाही, पण गाडीतल्या गाडीत झोपलेल्या माणसाला कोणी उठवत नाही, कारण पेंगुळलेला चालक रस्त्यावर असण्यापेक्षा झोपलेला बरा, हे राज्याने मान्य केले आहे. राष्ट्रीय वनांत आणि भूव्यवस्थापन विभागाच्या जमिनीवर अनेक ठिकाणी सलग १४ दिवसांपर्यंत विनाशुल्क मुक्काम करता येतो. उलट योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात गाडीत झोपायचे तर आरक्षित जागेवरच झोपावे लागते, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते आणि अस्वलांच्या भीतीने अंधार पडल्यावर खाण्याचे पदार्थ गाडीत न ठेवता लोखंडी पेटीत ठेवावे लागतात. नियम सैल असोत की कडक, ते आधी माहीत असतात.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना दोन गोष्टी झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एक म्हणजे ही विस्तीर्ण सार्वजनिक जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावून घेतलेली आहे आणि ती बहुतांशी पश्चिमेकडच्या राज्यांत आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या रहिवाशाला तिचा फारसा उपयोग नाही. दुसरी म्हणजे गाडीत झोपणारे सगळेच पर्यटक नसतात. घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीत राहणारी माणसे कॅलिफोर्नियाच्या प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, आणि २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सार्वजनिक जागेवर झोपण्यास बंदी घालणारे नियम शहरांना अमलात आणता येतील, असा निकाल दिला. त्याच गाडीत, तशाच गादीवर झोपलेल्या दोन माणसांपैकी एकाला हौशी प्रवासी म्हटले जाते आणि दुसऱ्याला दंडाची पावती मिळते, हे मी डोळ्यांआड करू शकत नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याच वर्षी केरळनेही तसाच उपक्रम सुरू केला. दोन्हींचा भर सुसज्ज कॅरॅव्हॅन आणि त्यांच्यासाठीची खास उद्याने यांवर आहे. यात चूक काही नाही, परंतु स्वतःच्या इनोव्हा हायक्रॉसमधून निघालेल्या कुटुंबाला त्यातून काय मिळते, हे मला कळलेले नाही. ती गाडीही स्ट्राँग हायब्रिडच आहे, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे लिटरला २३.२४ किलोमीटर धावते (चाचणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने हा आकडा सिएनाच्या शेजारी ठेवू नये). ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पहिल्या टप्प्यापासूनच वाटेतल्या सोयींच्या अभावाबद्दल तक्रारी होत होत्या. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार तिथे विद्युत प्रवासी वाहनांना टोलमाफी आहे, पण सुविधा केंद्रात रात्री गाडी उभी करून किती तास झोपता येईल, हे सांगणारा साधा फलक मला अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेइतकी मोकळी जमीन भारतात नाही आणि जंगलाच्या जमिनीवर तिथल्या लोकांचे हक्क आहेत, तेव्हा १४ दिवसांच्या मुक्त मुक्कामाची नक्कल करण्यात अर्थ नाही. आठ तासांच्या नियमाला मात्र नवी जमीन लागत नाही.

गाडीत झोपण्याचा विषय निघाला की चर्चा लगेच पर्यटनाकडे वळते, याचेही मला आश्चर्य वाटते. भारतात वाहनात झोपणारा सर्वांत मोठा वर्ग ट्रकचालकांचा आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हा चांगला निर्णय आहे. पण कॉम्प्रेसर इंजिनावरच चालणार असेल तर उभ्या ट्रकमध्ये झोपताना चालकाने एक तर डिझेल जाळायचे किंवा घामाघूम व्हायचे. कॅलिफोर्नियात जड डिझेल वाहनाचे इंजिन उभ्या स्थितीत पाच मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवण्यास बंदी आहे, त्यामुळे झोपण्याच्या केबिनसाठी वेगळी बॅटरी किंवा छोटे पूरक यंत्र बसवण्याची पद्धत इथे रुळली आहे. हायब्रिड मिनीव्हॅन जे काम कुटुंबासाठी करते तेच काम तिथे व्यवसायासाठी होते, आणि त्याची निकड कितीतरी मोठी आहे.

भारतात आसने काढून गाडीचे घर करू पाहणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे. निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल त्या कलमानुसार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. सुटा मंच, खिडक्यांना लावायची जाळी आणि गादी एवढ्यावर भागवणे अधिक सोपे आहे, आणि दोन माणसांसाठी ते पुरतेही.

कराबद्दल माझे मत हायब्रिडच्या समर्थकांना आवडणार नाही. बाहेरून वीज न घेणाऱ्या हायब्रिडला विद्युत गाडीच्या पंगतीत बसवून ५ टक्के दर द्यावा, असे मला वाटत नाही, कारण तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. पण चार मीटरच्या रेषेपलीकडची प्रत्येक इंधन गाडी ४० टक्क्यांत ढकलणारी पद्धत तितकीच ढोबळ आहे: सात माणसे नेणारी हायब्रिड आणि एकट्यासाठी धावणारी अवजड पेट्रोल गाडी तिला सारखीच दिसते. लांबी आणि इंजिनाची क्षमता मोजण्याऐवजी किलोमीटरमागचा धूर मोजावा आणि प्लग-इन हायब्रिडसाठी, ती विजेवर किती अंतर जाते त्यानुसार, मधली पायरी ठेवावी. आज त्या गाड्याही ४० टक्क्यांतच आहेत, त्यामुळे शहरात विजेवर, लांबच्या वाटेवर पेट्रोलवर आणि रात्री मोठ्या बॅटरीवर शांतपणे उभी राहू शकेल अशी सात आसनी गाडी भारतात आणावी, असे कंपन्यांना वाटण्याचे फारसे कारण उरत नाही.