जर्मनीने केलं, मग आपण का नाही?

बिबट्याला वन्यजीव कायद्यातल्या सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत टाका, अशी मागणी महाराष्ट्र सरकारने केंद्राकडे केली आणि मी जर्मनीत असल्याने घरच्या ग्रुपवर मला विचारणा सुरू झाली: तुमच्या जर्मनीने लांडग्याचं संरक्षण काढलं, मग आपलंच घोडं कुठे अडलंय?

काढलं नाही, कमी केलं. युरोपातल्या वन्यजीवांच्या संरक्षणासाठी झालेल्या १९७९ च्या बर्न करारात लांडगा कडक संरक्षणाच्या यादीत होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला एक पायरी खाली आणायचं ठरलं आणि २०२५ च्या उन्हाळ्यात युरोपीय संघानेही आपला कायदा तसाच बदलला. आता सदस्य देशांना शिकारीची मुभा देता येते, पण लांडग्यांची संख्या सुस्थितीत राखायचं बंधन आहेच. युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांचं डॉली नावाचं तट्टू २०२२ मध्ये लांडग्याने मारलं, म्हणून हे सगळं घडलं असं इथे चेष्टेने म्हणतात. त्यात थोडं तथ्य असेलही, पण मेंढपाळांचा राग त्याआधीपासूनचा.

जर्मनीतून लांडगा पार संपला होता. २००० साली पोलंडच्या सीमेलगत, सॅक्सनीतल्या लष्करी सरावाच्या मैदानात पुन्हा पिल्लं जन्मली. आज देशात दोनशेच्या आसपास कळप आहेत आणि युरोपीय संघात वीस हजार लांडगे. मेंढपाळाला विजेच्या जाळीसाठी, राखणीच्या कुत्र्यांसाठी अनुदान मिळतं. मेंढी मेली की जखमेतून लाळेचा नमुना घेतात आणि डीएनएवरून नेमका कुठला लांडगा तेही कळतं. डॉलीला मारणारा, जीडब्ल्यू ९५० एम अशी नोंद असलेला लांडगा असाच सापडला, म्हणजे कागदावर. एवढं करूनही लोक वैतागलेत. जाळीला गवत टेकलं की करंट उतरतो, म्हणून गवत कापत राहायचं, चराई संपली की सगळी जाळी उपटून पुढे रोवायची. ही मेहनत कोण मोजणार? इथे लांडग्याला एक पायरी उतरवली, याबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

आपल्याकडे लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेला आहे. देशभरात उरलेत तीन हजारांच्या आसपास. वाघाला निदान जंगल राखून दिलं. लांडग्याचं माळरान सरकारदप्तरी पडीक, म्हणजे प्लॉटिंगला मोकळं, एमआयडीसीला मोकळं, झाडं लावून फोटो काढायलाही मोकळं. आणि माळाला पाणी मिळालं की ऊस. उसाने लांडगा हटला आणि त्याच उसात बिबट्या व्यायला लागला. अनुसूची बदलून यातलं काय बदलणार?

माणसाच्या जिवावर उठलेला बिबट्या आजच्या कायद्यातही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आदेशाने मारता येतो. दुसऱ्या अनुसूचीत गेला की मालमत्तेच्या नुकसानीसाठीही परवानगी देता येईल, म्हणजे शेळी नेली तरी. मग एक मारला की त्याच फडात दुसरा येऊन बसेल. ज्या घरातलं पोर गेलं त्यांना हे सांगायची माझी छाती नाही, इथे सुरक्षित बसून तर नाहीच. पण परवाने वाटून त्यांचं अंगण सुरक्षित होईल, हे मला पटत नाही.

सोलापूर-दौंडकडच्या माळावरचा धनगर तर या वादात कुठेच नाही. रात्री वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून, कुत्री सोडून तो मेंढरं राखतो. तरी लांडगा एखादं कोकरू उचलतोच. भरपाईसाठी पंचनामा हवा आणि तोवर मेलेलं जनावर हलवायचं नाही. कोकरू उचलूनच नेलं तर दाखवायचं काय? आणि सकाळी मेंढरांचा वाडा पुढच्या गावाला निघायचा असतो. एका कोकरासाठी दोनशे मेंढरं उपाशी ठेवून वनरक्षकाची वाट कोण बघेल?

जर्मनीचा दाखला द्यायचाच असेल तर जाळीच्या अनुदानाचा आणि लाळेच्या नमुन्याचा द्या. तेवढं लगेच जमणार नसेल, तर मोबाइलवर काढलेला, जागेची नोंद असलेला फोटो पंचनाम्याला ग्राह्य धरा आणि धनगर पुढच्या मुक्कामाला असला तरी पैसे त्याच्या खात्यात टाका. यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही.